खाणावळीची वही : आजीच्या चरित्रासाठी केलेल्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

गिरणी कामगारांची खाणावळ चालविणारी आमची आजी गेल्या फेब्रुवारीत गेली. तिच्या नातवंडांसाठी आणि पतवंडांसाठी तिच्या आयुष्याचे एक छोटे पुस्तक करावे, असे वर्षश्राद्धाच्या आत पूर्ण होईल अशा बेताने आम्ही घरच्यांनी ठरविले असून संकलनाचे काम माझ्याकडे आले आहे. पुस्तक छापून केवळ घरातच वाटायचे आहे. तरीही त्यातील प्रत्येक विधानाला कागदाचा, छायाचित्राचा किंवा ध्वनिमुद्रणाचा आधार असावा, आणि जिथे केवळ आठवण हाच आधार असेल तिथे ती कोणाची आठवण हे स्पष्ट लिहावे, असा नियम पहिल्याच दिवशी घालून घेतला आहे.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतील खोली रिकामी करताना तिची पत्र्याची ट्रंक बाबांनी इकडे आणली होती. तीत लुगड्यांच्या घड्यांखाली शिधापत्रिका, दोन पासबुके, काही छायाचित्रे, एक ध्वनिफीत आणि लाल कापडी बांधणीची लांबट वही आहे. यंदा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाल्यामुळे हवेत ओल फार आहे, त्यामुळे कागद उघड्या खिडकीजवळ हाताळायचे नाहीत, गंजलेल्या टाचण्या ओढून न काढता आधी सैल करायच्या आणि प्रत्येक पाकिटात सिलिका जेलची पुडी ठेवायची, एवढी पथ्ये लगेच लागू केली आहेत. छायाचित्रे ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ स्वरूपात साठवीत आहे.

९ जून

जन्मवर्षाचा प्रश्न आधी सोडवला. शिधापत्रिकेवरचे वय आणि मतदार ओळखपत्रावरचे वय यांत सहा वर्षांचा फरक आहे, आणि दोन्ही ठिकाणी ते अंदाजाने लिहिलेले आहे. आजी स्वतः मात्र नेहमी सांगत असे की शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्या वर्षी, कोजागिरीनंतर चार दिवसांनी तिचा जन्म झाला. शिरोड्याचा सत्याग्रह १९३० चा. हा धागा घेऊन चुलतभावाने देवगडच्या तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची नक्कल मागितली होती. ती आज आली. नोंद मोडीत आहे; दादरच्या एका मोडी जाणकार गृहस्थांनी ती वाचून दिली. पणजोबांचे नाव, गाव, तारीख ११ ऑक्टोबर १९३० आणि पुढे केवळ ‘मुलगी’. बारशाच्या आधीच कोतवालाने नोंद केलेली असल्यामुळे नाव नाही.

त्या वर्षीची कोजागिरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच येते, त्यामुळे तिच्या सांगण्याचा आणि दप्तराचा मेळ बसतो. शाळेत न गेलेल्या बाईने चौऱ्याण्णव वर्षे जी तिथी तोंडपाठ ठेवली ती शिधापत्रिकेपेक्षा अचूक निघाली. यापुढे तिच्या ‘अमके झाले त्या वर्षी’ या प्रकारच्या विधानांना प्राथमिक पुरावा मानूनच तपास करायचा.

२१ जून

मुंबईला येण्याचे वर्ष याच पद्धतीने निश्चित झाले. ‘रामदास बुडाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझे लग्न झाले आणि पाऊस सरल्यावर बोट सुरू झाली तेव्हा मी मुंबईला आले,’ हे तिचे वाक्य आत्या आणि बाबा दोघेही शब्दशः सांगतात. रामदास ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा लग्न १९४८ च्या उन्हाळ्यात आणि आगमन त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर, असे धरता येते. पावसाळ्यात दक्षिण कोकणची बोटवाहतूक बंदच असे, आणि नवी सून चार महिने गावी सासूपाशी राहिली याचे कारणही तेच असले पाहिजे.

२ जुलै

धाकट्या काकांनी १९९४ साली गणपतीत केलेले ध्वनिमुद्रण आज संगणकावर उतरवले. फीत तीस वर्षे एकाच अंगाने गुंडाळलेली होती, म्हणून ती आधी एकदा सावकाश पुढे-मागे फिरवून घेतली आणि मग एकाच वादनात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवली. मधला काही भाग आरतीच्या टाळांखाली दबला असला तरी बाकीचा आवाज उत्तम आहे.

विजयदुर्गला बोट किनाऱ्याला लागत नसे, पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे, आणि पडावातून बोटीवर चढताना कोणीतरी तिच्या हातातले तांदळाचे गाठोडे आधी वर फेकले, ते वर पोहोचल्याचे पाहिल्याखेरीज तिने पाऊल उचलले नाही, असे ती सांगते. पुढे काका विचारतात की मुंबई पहिल्यांदा पाहून काय वाटले. या प्रश्नाचे उत्तर ती देतच नाही. खोलीत आठ पुरुष होते आणि चूल एकच होती, एवढेच सांगून ती लगेच तांदूळ किती लागायचा याच्या हिशेबाकडे वळते. मुलाखत घेणाऱ्याला भावना हव्या होत्या आणि ती मात्र कामाचे बोलत होती, असे पूर्ण फीतभर चालले आहे. पुस्तकाची दिशा मला इथे सापडली. आम्ही सर्वांनी तिला प्रेमळ आजी म्हणून जपले आहे आणि ती तशी होतीच. पण तिने स्वतःविषयी जे सांगून ठेवले आहे ते एका उद्योग चालविणाऱ्या बाईचे निवेदन आहे, आणि पुस्तकाने तिचे ऐकायला हवे.

१३ जुलै

खाणावळीविषयी आत्याची सविस्तर मुलाखत घेतली. हे प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठे होणार, म्हणून नोंदही जरा विस्ताराने करीत आहे.

बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. अशा एका खोलीत आजी, आजोबा, तीन मुले आणि खाणावळीचा सारा संसार होता. जेवणारे पुरुष बहुतेक देवगड तालुक्यातले; गावकीच्या सामाईक खोलीवर वळकटी आणि ट्रंक ठेवून ते पाळीपाळीने झोपत आणि जेवायला आजीकडे येत. कोणी साचेखात्यात, कोणी ताणाखात्यात, काही वर्षानुवर्षे बदली कामगारच राहिलेले. सगळे तिला वयनी म्हणत, अगदी वयाने मोठे असलेलेही.

गिरणीच्या तीन पाळ्या म्हणजे तिच्याही तीन पाळ्या. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून नळाला पाणी येताच तिचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. या पाळीच्या माणसांचे डबे दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या दारावर पोहोचवायचे, आणि ते काम बाबा व काका शाळेच्या वेळा सांभाळून करीत. दुसऱ्या पाळीचे लोक साडेतीनला आत जायचे, त्यांना अडीचला पान वाढलेले हवे. मध्यरात्री ते सुटले की भात आणि आमटी पुन्हा गरम करायची, आणि त्याआधी रात्रपाळीवाले जेवून गेलेले असत. भोंगा ऐकून आजी कोणत्या गिरणीची पाळी सुटली हे सांगत असे, असे आत्या म्हणते. एरवी घड्याळाची गरज तिला फारशी पडली नाही.

जेवण साधे पण मोजलेले असे. भात, आमटी किंवा कुळथाची पिठी, भाजी वा उसळ, आठवड्यातून काही दिवस बांगड्याचे तिखले किंवा सुके मासे; सोमवारी मासळी नाही, संकष्टीला उपासवाल्यांसाठी वेगळे. सभासद आपापली शिधापत्रिका तिच्या स्वाधीन करीत आणि रेशनच्या दुकानातील रांगेत आत्या उभी राहत असे. रॉकेलही याच मार्गाने येई.

हा व्यवसाय तिच्या उधारीवर उभा होता, हे आत्याने फार चांगले समजावले. कामगाराचा पगार महिन्याच्या दहा तारखेला होई आणि त्यानंतर तो खाणावळीचे पैसे देई. वाण्याकडून माल मात्र रोजचा रोज आणावा लागे. म्हणजे महिनाभराच्या जेवणाची रक्कम आधी आजी घालीत असे, त्यासाठी वाण्याची उधारी किंवा सावकाराचे व्याज तिच्या डोक्यावर असे, आणि कामगार पोटभर जेवून वेळेवर यंत्रावर उभा राही. गिरण्यांच्या जमाखर्चात या भांडवलाची नोंद कुठेच नाही. गिरणगावच्या कित्येक घरांत अशा बायका होत्या.

ती मऊ स्वभावाची होती असे मात्र आत्या म्हणत नाही. न सांगता गैरहजर राहिलेल्या सभासदाचे ताट तिने दुसऱ्या दिवशी हिशेबात धरले आणि त्याने कुरकूर केली तेव्हा ‘तुझो भात मी शिजवलेलंय’ एवढेच उत्तर दिले, हा प्रसंग आत्याने दोनदा सांगितला. तो पुस्तकात घ्यायचा आहे.

२० जुलै

आज छायाचित्रांचे काम केले. चाळीच्या गच्चीवरचा एक गटफोटो मागच्या शिक्क्यावरून परळच्या स्टुडिओतला छायाचित्रकार बोलावून काढलेला दिसतो. त्यात उभे असलेले तिघे सभासद २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी फ्लोरा फाउंटनकडे गेलेल्या मोर्चात होते, तिथे गोळीबार झाल्याचे कळल्यावर आजीने त्यांची ताटे झाकून ठेवली आणि ते परतेपर्यंत दार लावले नाही, अशी बाबांची ऐकीव आठवण आहे. बाबा तेव्हा तान्हे होते, म्हणून ‘ऐकीव’ हा शब्द पुस्तकातही ठेवायचा.

२७ जुलै

दोन पासबुकांपैकी एक १९७७ सालचे, राष्ट्रीयीकृत बँकेचे आणि आजीच्या स्वतःच्या नावाचे आहे. त्याच्या आत अन्नपूर्णा महिला मंडळाची एक पावती घडी घालून ठेवलेली सापडली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून हे मंडळ उभे केले. १९७४ च्या गिरणी संपात सभासदांकडून पैसे येईनासे झाल्यावर या बायका कर्जात बुडाल्या होत्या, आणि तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँक दारात उभी करीत नव्हती. बायकांचे गट करायचे, गटातील बायकांनी एकमेकींना जामीन राहायचे आणि त्या हमीवर बँकेने कर्ज द्यायचे, हा मार्ग मंडळाने काढला. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेले असल्यामुळे छोट्या व्यावसायिकांना कर्ज देण्याचे धोरण कागदावर होतेच. त्याचा लाभ चाळीतल्या चुलीपर्यंत आणण्याचे काम या बायकांनी केले.

पासबुकातील हप्ते दर महिन्याच्या बारा ते पंधरा तारखेच्या दरम्यान भरलेले आहेत, म्हणजे कामगारांचा पगार झाला की लगेच. एकही हप्ता चुकलेला नाही. पहिल्या पानावर अंगठा नाही, सही आहे. ती कशी शिकली हे आत्याला ठाऊक होते: मंडळाच्या बैठकीला जाण्यापूर्वी आठ दिवस आजी पोळपाटावर पीठ पसरून बोटाने आपले नाव गिरवीत असे.

ही सही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेण्याचे ठरविले.

१० ऑगस्ट

लाल वहीचे वाचन पूर्ण झाले. वही १९८१ च्या दिवाळीतल्या पाडव्याला सुरू झालेली आहे. प्रत्येक सभासदाला एक पान. वर त्याचे नाव आत्याच्या अक्षरात, आणि खाली सारे काही आजीच्या हातचे. प्रत्येक जेवणाला एक उभी रेघ, गैरहजेरीला टिंब, आणि महिन्याचे पैसे मिळाले की त्याखाली एक आडवी रेघ व अंकांत रक्कम. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीच्या आडव्या रेघा जागच्या जागी आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि हा संप पुढे औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. वहीत फेब्रुवारीत अनेक पानांवर नेहमीपेक्षा कमी रकमेच्या आडव्या रेघा दिसतात. जानेवारीतील संपाआधीच्या दिवसांचा पगार तेवढाच हाती आला असणार. त्यानंतर आडवी रेघ एकाही पानावर नाही. उभ्या रेघा मात्र चालू आहेत. मार्च, एप्रिल, मे, रोज दोन. पावसाळ्यापासून एकेका पानावरच्या रेघा थांबत जातात, कारण माणसे शेतीला म्हणून गावी गेली आणि त्यांतली बरीचशी परतली नाहीत. शेवटचे पान १९८३ च्या शिमग्यापर्यंत भरलेले आहे.

या काळात आजोबाही संपावरच होते. मग धान्य आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर आत्या, बाबा आणि काका या तिघांकडून तुकड्यातुकड्यांनी मिळाले. आजीच्या पाटल्या मे महिन्यात गेल्या. आत्याने शिलाईचे काम धरले. बाबांनी महाविद्यालय सोडून एका गोदामात नोकरी पत्करली आणि पुढचे शिक्षण रात्री केले. मासळी बंद झाली, भात आणि कुळथाची पिठी एवढ्यावर पंगत आली. वाण्याची उधारी वर्षभर वाढत गेली व तीही पुढे कित्येक वर्षे फेडावी लागली. शेजारणीने सभासद कमी करण्याचा सल्ला दिला तेव्हा आजी जे म्हणाली ते काकांच्या कानावर पडलेले आहे : ‘ह्येंका आज नको म्हटलंय तर ते जेवतले खंय?’

घरात हा काळ आजवर ‘आजीचा त्याग’ म्हणून सांगितला गेला. वही पाहिल्यावर मला तो शब्द अपुरा वाटतो. ज्या बाईला पैशाची पर्वा नाही ती रोज दोन रेघा ओढत बसत नाही. पैसे येणार नाहीत हे दिसत असतानाही तिने हिशेब सोडला नाही. तिने माणसांना फुकट जेवू घातले असे तिच्या वहीने मानलेले नाही, त्यांचे देणे होते आणि ते लिहून ठेवलेले होते. जेवणाऱ्याचा मानही त्यातच राहिला असावा.

काही पानांवर शेवटच्या रेघांनंतर छोटी वर्तुळे काढलेली आहेत, कुठे एक, कुठे सहासात. शाई निराळी आहे. त्यांचा उलगडा आत्यालाही झाला नाही.

१५ ऑगस्ट

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ रहिवाशांना काल पुनर्विकसित इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. बाबांनी दूरदर्शनवरचे वृत्त संपेपर्यंत पाहिले. आपल्या डिलाईल रोडच्या खोलीची मोजमापे, चुलीची जागा, मोरी आणि माळा यांचा आराखडा त्यांनी स्मरणाने काढून दिला आहे. पंगत एका वेळी सहा जणांची बसे, त्या सहाही पाटांच्या जागा त्यांनी दाखविल्या आहेत.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या तयारीच्या धांदलीतही देवगड तालुक्यातील एका जुन्या सभासदांशी दूरध्वनीवर दीर्घ बोलणे झाले. ते आता शहाऐंशी वर्षांचे असून साचेखात्यात होते. त्यांच्या पानावर सहा वर्तुळे आहेत. वर्तुळांविषयी विचारताच ते म्हणाले की ती तांदळाची. संपानंतर गावी शेती करताना पीक आले की मुंबईला जाणाऱ्या एसटीच्या टपावर ते एक पोते वयनीच्या नावाने चढवीत. दुसऱ्या कोणी कुळीथ पाठवले, कोणी आमसुले, कोणी हापूसची पेटी. रोख कोणाकडेच नव्हती. आलेल्या प्रत्येक जिनसेसाठी आजीने त्या त्या माणसाच्या पानावर वर्तुळ काढले. त्यांचे एक वाक्य त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे घेत आहे : ‘वयनीन कधी मागल्यान नाय, म्हणानच आमका देवचा पडला.’

वर्तुळ नसलेलीही पाने आहेत. त्यांतले काही लोक वारले, काहींची घरेच मोडली. म्हणून वहीच्या पानाचे छायाचित्र छापताना सभासदाचे नाव झाकायचे, आणि कोणी किती दिले वा दिले नाही याची यादी पुस्तकात द्यायची नाही. घरातल्या एकदोघांना ती यादी हवी होती. आजीने ती वही बेचाळीस वर्षे ट्रंकेत तळाशी ठेवली आणि कोणाला दाखविली नाही, हे कारण मला पुरेसे वाटते.

७ सप्टेंबर

परिचयपानावर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे काय लिहायचे यावर काकांशी मतभेद झाला. त्यांचे म्हणणे असे की आजीचे सर्व सरकारी कागद तिला गृहिणी म्हणतात, तेव्हा तेच राहू द्यावे, आणि वर ‘त्यागमूर्ती’ असे शीर्षक असावे. त्यांच्या मनातला आदर खरा आहे. तरीही मी आग्रह सोडला नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र ठरला, २०१२ साली म्हाडाची पहिली सोडत निघाली, आणि अर्जासोबत हजेरीचे तिकीट, प्रवेशपत्र, कामगार विम्याचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीची पावती असे पुरावे मागितले गेले. आजोबांच्या नावाचा अर्ज आम्ही त्या पुराव्यांसह भरला होता. त्याच कामगारांना चौतीस वर्षे जेवू घालणाऱ्या बाईचा पट नव्हता, तिकीट नव्हते, भविष्य निर्वाह निधी नव्हता. तिच्याजवळ एक पासबुक, एक पावती आणि रेघांची वही होती. घरच्या पुस्तकात तरी तिचा व्यवसाय लिहिला जावा, असे मी काकांना म्हटले. त्यांनी विचार करून सांगतो म्हटले आहे.

२८ सप्टेंबर

काकांचा होकार आला, आणि सोबत त्यांनी आपल्या हाताने लिहिलेली तीन पानेही पाठविली. डबे घेऊन गिरणीच्या दारावर उभे राहण्याचे काम त्यांनी वयाच्या नवव्या वर्षापासून केले, दर डब्याच्या कडीला ओळखीसाठी वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली असे आणि एकदा पावसात रंग उतरल्यामुळे दोन डब्यांची अदलाबदल झाली, तेव्हा आजीने दुसऱ्याच दिवशी चिंध्या काढून डब्यांवर खिळ्याने खुणा कोरून घेतल्या, असे त्यांनी लिहिले आहे. त्या खुणा त्यांना अजून आठवतात व त्यांनी त्या काढूनही दिल्या आहेत. ही पाने खाणावळीच्या प्रकरणात, आत्याच्या मुलाखतीनंतर, त्यांच्या नावानिशी घेतली.

परिचयपानावर आता जन्म ११ ऑक्टोबर १९३०, तालुका देवगड. मृत्यू फेब्रुवारी २०२५, मुंबई. व्यवसाय : खाणावळ चालविणे, डिलाईल रोड, १९४९ ते १९८३, असा मजकूर आहे. मुद्रितशोधनाचा पहिला खर्डा आत्याकडे गेला आहे, आणि एक प्रत मोठ्या टाइपात काढून देवगडच्या त्या वृद्ध सभासदांना दिवाळीपूर्वी टपालाने पाठवायची आहे.